आलेल्यास परत कोठे पाठविता?

आमच्या मणिबेलीत एक म्हातारी आहे. १९९३ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात प्रथम ज्या गावात शिरले ते आमचे गाव. त्या वेळी ही बाई ऐन उमेदीत होती. परवा आम्ही तिला पुण्याकडील एक हकीकत सांगितली. येमेन नावाचा देश आहे, तेथे लढाई पेटली, तेथला एक मनुष्य बायकोमुलासह पुण्यात राहात होता, आणि त्यास पोलिसांनी देश सोडून जाण्याची नोटीस दिली. म्हातारीने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्याला जागा कुठं दाखवली?" आम्ही म्हणालो, जागा कोठेच दाखवली नाही. त्यावर ती म्हणाली, "आम्हाला निदान परवेटा तरी दाखवलं होतं."

परवेटा म्हणजे काय हे ह्या भागाबाहेरच्या वाचकांस ठाऊक नसेल. आमचे गाव बुडणार असे ठरल्यावर येथील काही घरांस गुजरातेत परवेटा येथे वसाहत दिली गेली. काही तिकडे गेले. काहींनी काठ सोडला नाही. पाणी वर आले तसतसे ते डोंगराकडे सरकले. त्या वसाहतीचे गुणदोष सांगण्याचे हे स्थळ नव्हे. सांगावयाचे एवढेच की, १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात आधी पुनर्वसन आणि मग बुडीत असे लिहिलेले होते. ते पाळले किती आणि मोडले किती ह्याचा हिशेब आमचे लोक तोंडपाठ सांगतील. पण लिहिलेले होते म्हणूनच भांडता आले. 'येथून ऊठ' म्हणणाऱ्या सरकारास 'कोठे जाऊ?' असे विचारण्याचा आम्हांस हक्क होता, व त्याचे बरेवाईट उत्तर देणे सरकारास भाग होते. जीव वाचविण्यासाठी परमुलखातून आपल्या देशात आलेल्या माणसास हा साधा प्रश्नही हक्काने विचारता येत नाही. आजचा आमचा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

पुण्याची हकीकत २०२४ सालची. हा मनुष्य २०१४ साली रीतसर परवाना काढून शिक्षणासाठी हिंदुस्थानात आला. बायको मागाहून आली. तो इकडे असतानाच त्याच्या देशात आग लागली. २०१४ च्या सप्टेंबरात हूथी बंडखोरांनी राजधानी सना घेतली व २०१५ च्या मार्चपासून सौदी अरेबिया व त्याच्या जोडीदारांच्या विमानांनी बाँब टाकण्यास सुरुवात केली. इकडे नवराबायकोच्या परवान्यांच्या मुदती संपल्या. परत जाण्यास घर राहिले नाही. त्यांचे मूल येथेच जन्मास आले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसंबंधीच्या कचेरीने त्यास निर्वासित म्हणून ओळखपत्र दिले होते. परवान्याची मुदत संपून वर्षे लोटली होती ही गोष्ट खरी आहे, ती आम्ही लपवीत नाही. पोलिसांनी चौदा दिवसांत देश सोडण्याची नोटीस काढली तेव्हा तो मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. त्याने मागितले काय? जमीन नाही, धान्य नाही, नोकरी नाही. ऑस्ट्रेलियात जाण्याची खटपट चालली आहे, ती पुरी होईतो आम्हांस हाकलू नका, एवढीच मागणी.

न्यायमूर्तींनी त्यास तोंडी सांगितले की, पाकिस्तान शेजारीच आहे, तेथे जाता येईल, आखाती देशांतही जाता येईल. हिंदुस्थानच्या उदार धोरणाचा गैरफायदा घेऊ नका. न्यायासनाविषयी आमच्या मनात आदर आहे व त्यास उणा शब्द लावण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तेथे निघालेल्या शब्दांवर विचार करण्याची मोकळीक शाळामास्तरासही आहे, तेव्हा थोडा विचार करू.

निर्वासितांस आश्रय देण्याचा एक जागतिक करार १९५१ साली झाला. हिंदुस्थानने त्यावर सही केलेली नाही. पण ज्या पाकिस्तानात जा म्हणून सांगण्यात आले त्यानेही केलेली नाही. इतकेच नव्हे, त्याच पाकिस्तानने २०२३ च्या नोव्हेंबरापासून लाखो अफगाण लोकांस सीमेपार लोटण्याचा सपाटा लावला होता. आखाताकडे वळावे, तर सौदी अरेबिया, ओमान, कतार, कुवेत व संयुक्त अरब अमिराती ह्यांतील एकाचीही त्या करारावर सही नाही. अरबांच्या त्या सबंध द्वीपकल्पात ह्या करारावर सही करणारा देश एकच, आणि तो कोणता म्हणाल तर येमेन! शेजारच्याचे घर जळाले असता त्यास 'पलीकडच्या आळीत जा' म्हणावे, आणि पलीकडच्या आळीतील सर्व दारांस कुलुपे आहेत हे पाहूच नये, तसा हा प्रकार झाला.

आणखी एक गोष्ट पाहा. २०१५ च्या एप्रिलात आपल्याच सरकारने जहाजे व विमाने धाडून चार हजारांहून अधिक भारतीयांस येमेनमधून सुखरूप बाहेर काढले. त्यांच्याबरोबर कित्येक परक्या देशांची माणसेही आणली, तेव्हा साऱ्या जगाने वाहवा केली आणि ती योग्यच होती. पुढे २०१७ साली सरकारने भारतीयांनी येमेनात जाऊ नये असा हुकूमच काढला. म्हणजे आपल्या माणसाने पाऊल ठेवू नये इतका तो मुलूख धोक्याचा आहे, हे सरकारच्याच दप्तरात लिहिलेले आहे. मग त्याच मुलखातील लेकुरवाळ्या माणसाच्या हाती चौदा दिवसांची नोटीस देताना ते दप्तर कोणी उघडून पाहिले होते काय?

मुंबईचे हेच उच्च न्यायालय पूर्वी निराळ्या वाटेने गेले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. १९९४ साली एका इराणी निर्वासिताचा मामला त्याच्यापुढे आला. संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीने ह्यास निर्वासित मानले आहे, तेव्हा त्यास इराणात पाठविण्याचा प्रश्नच येत नाही, तो जेथे जाऊ इच्छील तेथे त्यास जाऊ द्यावे, असे त्या वेळी ठरले. आमच्या नदीचा समोरचा काठ गुजरातचा. त्या गुजरातच्या उच्च न्यायालयाने १९९८ साली, कच्छात भूज येथे अटकेत असलेल्या इराकी इसमांच्या मामल्यात याहून पुढचे पाऊल टाकले. ज्या देशात जिवास धोका आहे तेथे माणसास परत लोटू नये हे तत्त्व आपल्या घटनेच्या २१ व्या कलमातच सामावलेले आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. अट एवढीच की, त्याच्या राहण्याने देशाच्या शांततेस व सुरक्षिततेस बाध येऊ नये. त्यापूर्वी १९९६ साली अरुणाचलातील चकमा लोकांच्या मामल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचे रक्षण करण्यास सरकार बांधलेले आहे. २०२१ च्या मे महिन्यात मणिपूरच्या उच्च न्यायालयाने म्यानमारातून पळून आलेल्या सात जणांस, त्यांत मुलेही होती, दिल्लीस जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीकडे अर्ज करण्यास वाट मोकळी करून दिली.

२१ व्या कलमाची खुबी आमच्या शेतकरी वाचकांनी समजून घेण्याजोगी आहे. १९ व्या कलमात भाषणाचे, सभेचे, कोठेही राहण्याचे जे हक्क आहेत ते 'नागरिकांस' दिलेले आहेत. २१ व्या कलमात मात्र नागरिक हा शब्दच नाही. तेथे 'व्यक्ती' आहे. कायद्याने ठरविलेल्या रीतीवाचून कोणाही व्यक्तीचा जीव वा स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्याचा जमिनीवर हक्क नसेल, पण त्याच्या पोरास विहिरीत ढकलण्याची कोणास परवानगी मिळत नाही. घटना करणाऱ्यांनी हा फरक जाणूनबुजून केलेला आहे.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. २०२१ च्या एप्रिलात रोहिंग्यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला आहे, आणि तो हक्क फक्त नागरिकांचा. मात्र कायद्याने ठरलेली रीत पुरी केल्यावाचून त्यांस पाठवू नये असेही त्याच हुकुमात आहे. तेव्हा न्यायालये एकीकडे असे बोलतात आणि दुसरीकडे तसे. आणि ह्याचे कारण न्यायमूर्तींच्या स्वभावात शोधण्यापेक्षा कायद्याच्या पुस्तकात शोधावे. हिंदुस्थानात निर्वासितांविषयी कायदाच नाही! इंग्रजांच्या अमदानीतील १९४६ च्या परकीयांच्या कायद्यावर एवढी वर्षे काम भागविले. तो मोडून २०२५ साली नवा कायदा केला व १ सप्टेंबरापासून अमलात आणला. त्या नव्या पुस्तकातही निर्वासितासाठी प्रकरण नाही. फिरस्ता प्रवासी, मुदत उलटलेला व्यापारी आणि जीव मुठीत धरून आलेली बाई, सर्व एकाच मापाने मोजावयाची. काही लोकांस सरकारने हुकुमाने सूट दिली: पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून २०२४ अखेरपर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती, तसेच सिलोनातून आलेले नोंदलेले तमिळ. ही सूट मिळाली ते बरेच झाले. पण हुकुमाने मिळते ते हुकुमाने जाते. शिवाय, यादीत ज्याचा देश वा धर्म बसत नाही त्याच्या मानेवरील सुरी काही कमी धारेची असते असे नाही.

काही वाचक म्हणतील, मास्तर, हे परमुलखातील लोकांचे दुखणे आपल्या ओसरीवर कशाला? कापसास भाव नाही, सुताराच्या हातास काम नाही, आपलीच पोरे उपाशी आहेत. हा आक्षेप खोटा नाही. त्यास दोन उत्तरे आहेत, आणि पहिले तर आपल्याच स्वार्थाचे आहे.

२०२५ च्या जूनमध्ये दिल्लीत भंगार वेचून पोट भरणाऱ्या एका बंगाली कुटुंबास पोलिसांनी बांगलादेशी ठरविले व काही दिवसांत सीमेपार लोटून दिले. त्यात एक गरोदर बाई होती, तिचा आठ वर्षांचा मुलगा होता. ही माणसे निघाली आपल्याच पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील! पलीकडे ती बांगलादेशच्या तुरुंगात पडली. २६ सप्टेंबर रोजी कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने ती हद्दपारी रद्द केली व त्यांस परत आणण्याचा हुकूम दिला. तरी डिसेंबर उजाडला. शेवटी सर्वोच्च न्यायालयापुढे सरकारने 'माणुसकीच्या दृष्टीने' त्या बाईस व मुलास परत आणण्याचे कबूल केले, आणि ती दिवस भरत आलेली बाई घरी आली. ही माणुसकी जूनमध्येच आठवली असती तर तिच्या पोटातील जिवास तुरुंगाचे अन्न खावे लागले नसते. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस आपल्या मुंबईच्या बाजूसही गवंडीकाम करणाऱ्या बंगाली मजुरांस असेच उचलून सीमेपार धाडले गेले व चूक कळल्यावर परत आणावे लागले.

गवंडी, भंगारवाली. येथे कोणी शेठ सापडला नाही हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. ज्याची विचारपूस न करता उचलता येते तोच उचलला जातो. आमच्या अक्कलकुवा-धडगावकडील शेकडो माणसे दरसाल दिवाळीनंतर ऊस तोडावयास गुजरातेत जातात. कोयता, भांडी, एक गोधडी आणि पोरे. त्यांच्या बोचक्यात कागद कोणता असतो? आमच्या लोकांची भाषा ऐकून सुरतेकडील फौजदारास ती मराठीही वाटत नाही व गुजरातीही वाटत नाही. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या ह्या लोकांस सरकारी दप्तरात किती वर्षे 'अतिक्रमणदार' म्हटले गेले, ते आम्ही शाळेच्या दाखल्यांसाठी फेऱ्या घालताना पाहिलेले आहे. परक्यास ऐकून न घेता हाकलण्याची सवय एकदा शिपायाच्या हातास लागली की, तो हात आपला-परका पाहात नाही.

दुसरे उत्तर कोल्हापूरचे आहे.

करवीर तालुक्यात वळिवडे नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पोलंडची लाखो माणसे सैबेरियात हाकून नेली होती. तेथून सुटून इराणमार्गे वाट काढीत आलेल्यांपैकी सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका, पोरे व म्हातारे, १९४३ साली कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत ह्या वळिवड्यास राहावयास आले. ते वर्ष कोणते होते हे आठवा. महागाई, धान्याची टंचाई, बंगालात भुकेने माणसे रस्त्यावर मरत होती. तरी ह्या गोऱ्या निराश्रितांसाठी चाळी उभ्या राहिल्या, शाळा निघाल्या, दवाखाना, प्रार्थनामंदिर झाले. खर्चाचा भार पोलंडच्या परागंदा सरकारने व इंग्रजांनी वाहिला हे खरे, पण भाजी आणि दूध घेऊन वळिवड्याच्या फाटकापाशी जाणारी माणसे आसपासच्या खेड्यांचीच होती. युद्ध संपले तेव्हा पोलंड रशियाच्या टाचेखाली गेला होता. ज्यांस परत जावयाचे होते ते गेले. ज्यांस भय वाटत होते त्यांस बखोटी धरून आगबोटीत बसविले नाही. ते इंग्लंडास व इतर देशांत गेले आणि १९४८ साली छावणी मिटली. २०१९ च्या सप्टेंबरात त्यांतील मुले, आता पांढऱ्या केसांची झालेली, काठ्या टेकीत कोल्हापुरास आली होती. वॉर्सा शहरात त्या छावणीची आठवण म्हणून एक स्मारक आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टात आपल्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन फुले वाहिली. पुण्याच्या त्या येमेनी माणसास नोटीस मिळाली तेही २०२४ सालच.

कोल्हापूरही लांब वाटत असेल तर हिवाळ्यात बाजारात जा. रस्त्याच्या कडेस लोकरीचे स्वेटर मांडून बसलेली तिबेटी माणसे महाराष्ट्राच्या कोणत्या शहरात नाहीत? गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडाजवळ १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. त्यांचे स्वेटर घातलेल्या आमच्या कोणत्या शेतकऱ्याची भाकरी त्यांनी हिरावली, हे कोणी दाखवून द्यावे.

आणि हेर, चोर, दहशत पसरविणारे? ते ह्या गर्दीतून आले तर काय, असे विचारणारास आम्ही म्हणतो, म्हणूनच चौकशी करा! चौकशीवाचून हाकलल्याने हेर सापडत नाही, फक्त दुबळा सापडतो. गुन्हा केलेल्यास तुरुंग आहे. आमची मागणी चौकशी बंद करण्याची नसून ती होण्याची आहे.

'मला परत पाठवाल तर माझा जीव जाईल' असे जो म्हणेल त्याचे म्हणणे, त्यास कळेल अशा भाषेत, पोलिसाखेरीज अन्य अधिकाऱ्याने ऐकून घ्यावे. निर्णय कारणासह लेखी असावा. त्यावर दाद मागण्यास पुरता वेळ असावा आणि ती लागेपर्यंत कोणास सीमेवर नेऊ नये. गरोदर बाई, लेकरू, आजारी व म्हातारा ह्यांस कोठडीत ठेवू नये. तिसऱ्या देशात जावयाची खटपट ज्याची चालू आहे त्यास ती पुरी करू द्यावी; त्यात सरकारचे काही खर्च होत नाही. ह्यातील पुष्कळसे नवीनही नाही. निर्वासित असल्याचे सांगणाऱ्या परकीयांविषयी काय करावे ह्याची एक कार्यपद्धती केंद्र सरकारने २०११ च्या अखेरीस ठरविली व २०१९ साली सुधारलीही. पण कार्यपद्धती म्हणजे कायदा नव्हे. ती न पाळणाऱ्यास जाब विचारणे कठीण. २०१५ साली खासदार शशी थरूर ह्यांनी लोकसभेत आश्रयासंबंधी विधेयक मांडले. ते खासगी होते, तेव्हा अशा विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले.

आमच्या गावच्या येत्या ग्रामसभेत आम्ही ह्या अर्थाचा ठराव आणीत आहोत. मजकूर अर्ध्या पानाचा आहे. लवादाच्या निवाड्यात आमच्यासाठी जे लिहिले गेले होते, म्हणजे आधी जागा, मग उठवणे, ते ह्या लोकांसाठीही देशाच्या कायद्यात लिहावे, एवढेच त्यात म्हटले आहे. मंजूर झाल्यावर तो आमच्या खासदारांकडे व जिल्हाधिकाऱ्यांमार्फत दिल्लीस जाईल. ज्या गावांस असा ठराव करावयाचा असेल त्यांनी आमच्याकडून नक्कल मागवावी. टपालखर्चाची चिंता करू नये. म्हातारीने अंगठा आधीच देऊन ठेवला आहे. फक्त 'येमेन' हा शब्द तिला बोलता येत नाही म्हणून, ठरावात 'तो पुण्याचा माणूस' असेच लिहा, अशी तिची सूचना आहे, आणि ती आम्हांस मान्य आहे.